ड्रॅक्युलाचे सुळे आणि आपली मान

मागच्या रविवारी आपल्या अभ्यासमंडळात एक प्राध्यापक येऊन गेले. विषय होता भयपट. व्हॅम्पायर भीतिदायक का वाटतो, ह्यावर ते तासभर बोलले. अंधार, सुळे, एकदम कानावर आदळणारं संगीत आणि माणसाच्या मनात दडपलेली वासना. झालं. आपल्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. मग आपलाच एक कार्यकर्ता उठला. म्हणाला, आपण धम्म घेतला तेव्हाच भूतखेत खल्लास झालं, ह्या भाकडकथांवर चळवळीचा वेळ कशाला घालवता? त्यालाही टाळ्या. मी रात्रपाळी करून आलो होतो, डोळे मिटत होते, म्हणून गप्प बसलो. आता लिहितो.

दोस्तांनो, दोघंही चुकले. प्राध्यापक चुकले कारण त्यांनी भीतीची जात विचारली नाही. कार्यकर्ता चुकला कारण भूत खोटं असलं तरी भीती खोटी नसते. भीती हे एक हत्यार आहे. ते कोणाच्या हातात आहे आणि कोणावर रोखलंय, हे बघायला नको?

माझ्यापासून सुरुवात करतो. मी संग्रामपूरचा. बुलढाणा जिल्हा, पाठीशी सातपुडा आणि पायाखाली खारपाणपट्टा. तिथे मी लहानपणी ‘बंद दरवाजा’ पाहिला. रामसे बंधूंचा, १९९० चा. भाड्याने आणलेला सीडी प्लेयर, अंगणात टीव्ही आणि सगळा बौद्धवाडा पोत्यांवर बसलेला. काळ्या पहाडीवर राहणारा नेवला, शवपेटीत झोपणारा, रक्त पिणारा. पोरं किंचाळत होती. मीही आईच्या पदरात तोंड खुपसलं होतं. फक्त माझी आजी ढिम्म बसून होती. सिनेमा संपल्यावर मी विचारलं, तुला भेव नाही वाटलं का?

ती म्हणाली, “त्या भुताचं काही नाही वाटलं बाप्पा. मले त्या हवेलीच्या दरवाज्याचंच भेव लागलं. आमी अशाच दरवाज्याबाहेर उभे राहो. वरतून भाकर टाकत.”

प्राध्यापकांच्या एका तासापेक्षा म्हातारीचं हे एक वाक्य मला जास्त शिकवून गेलं. पडदा एकच होता. सगळा वाडा भुताला घाबरला आणि ती घराला घाबरली. कारण तिला माहीत होतं की रक्त पिणारा पहाडीवर राहत नाही, तो हवेलीतच राहतो.

आता हा व्हॅम्पायर आहे तरी कोण, ते नीट बघू. युरोपच्या पूर्वेकडच्या खेड्यांत तो पहिल्यांदा कोणी मोठा माणूस नव्हता. गावातलाच कोणी मेलेला शेतकरी थडग्यातून उठतो, फुगलेला, लालबुंद, आणि आपल्याच घरच्यांना छळतो, अशी ती लोकांची समजूत होती. १८१९ मध्ये पॉलिडोरी नावाच्या इंग्रज डॉक्टरने गोष्ट लिहिली आणि व्हॅम्पायरला लॉर्ड करून टाकलं. उंची कपडे, बड्या घरांत ऊठबस. मग १८९७ मध्ये ब्रॅम स्टोकरने ‘ड्रॅक्युला’ लिहिला. त्याचा ड्रॅक्युला काउंट, म्हणजे सरंजामदार. डोंगरावर किल्ला, खाली भेदरलेली गावं, घरात पिढ्यान्‌पिढ्यांचं सोनं. आपल्या भाषेत सांगायचं तर जहागीरदार. १९३१ च्या सिनेमात बेला लुगोसीने तो कोट-झगा घालून उभा केला, १९५८ मध्ये ख्रिस्तोफर लीने. दोन्ही वेळा तो दारात अदबीने वाकणारा, सभ्य, खानदानी माणूस. १८६७ च्या ‘भांडवल’ ग्रंथात कार्ल मार्क्सने तर भांडवलालाच व्हॅम्पायरची उपमा दिली होती. म्हणजे स्टोकरच्या तीस वर्षं आधी. मार्क्सला कळलं होतं की रक्त पिणारा फाटक्या कपड्यांत येत नाही.

सुळ्यांनी माणूस दचकतो, पण दचकणं म्हणजे भीती नव्हे. गोदीत क्रेनची साखळी सुटली तरी मी दचकतो. पाच मिनिटांनी विसरतो. भीती घरी येते, जेवायला बसते, रात्री कुशीला झोपते. व्हॅम्पायरची तसली भीती त्याच्या सुळ्यांत नाही, त्याच्या नियमांत आहे.

पहिला नियम. तो दुसऱ्याच्या रक्तावर जगतो आणि परत काही देत नाही. आमच्या तालुक्यात जमिनीतलं पाणी खारं. गावोगाव किडनीचे पेशंट. माझा मामा आठवड्यातून दोनदा अकोल्याला जायचा, डायलिसिसला. मी सोबत जायचो. नळीतून रक्त बाहेर येताना बघून पहिल्यांदा मला घेरी आली. मामा हसला. म्हणाला, “अबे, हे मशीन बरं. घेते तं धुवून वापस देते. आपल्याले आजपावतो वापस कोनं देल्लं?” मामा गेला. त्याच्या उपचारासाठी काढलेलं कर्ज राहिलं. हप्ता वसूल करायला येणारा पोरगा फार गोड बोलायचा. मामीला ताई म्हणायचा.

दुसरा नियम. त्याला आत बोलवावं लागतं. कादंबरीत तसं लिहिलंय आणि पुढे कितीतरी सिनेमांनी तो नियम पाळलाय. कोणी या म्हटल्याशिवाय व्हॅम्पायर उंबरठा ओलांडू शकत नाही. गोऱ्या प्रेक्षकाला ह्यात केवढी भीती वाटते! दाराबाहेर उभा राहून आत येण्याची परवानगी मागणारा भयानक! अरे, हजार वर्षं दाराबाहेर आम्ही उभे होतो. परवानगी आम्ही मागत होतो. पेशवाईत पुण्याच्या वेशीत दुपारी तीननंतर आणि सकाळी नऊच्या आधी महार-मांगांना बंदी होती, कारण त्या वेळी सावल्या लांब पडतात आणि आमची सावली भटाच्या अंगावर पडली की तो बाटतो. व्हॅम्पायरला म्हणे सावली नसते, आरशात तो दिसत नाही. आमची तर नुसती सावलीच दिसायची, माणूस कोणाला दिसलाच नाही. तेव्हा उंबरठ्याबाहेरचा तो रक्तपिपासू, हे सूत्र आपण कुठल्या तोंडाने गिळायचं?

आणि नेमकं हेच सूत्र आपल्या हिंदी सिनेमाने गिळायला लावलं. इथे मला रामसेंशी भांडायचंय. भांडण प्रेमाचं आहे, कारण त्यांचे सिनेमे पडेल थेटरांत, तंबूत, खेड्यापाड्यांत आपल्याच लोकांनी डोक्यावर घेतले. पण काय केलं त्यांनी? साहेबाचा व्हॅम्पायर सरंजामदार होता. इकडे आणताना त्यांनी सरंजामदाराला बिचारा करून टाकलं. ‘पुराना मंदिर’ घ्या, १९८४ चा. राजा कोण? पीडित. सामरी कोण? काळाकभिन्न, राकट, अघोरी. राजा त्याचं मुंडकं धडावेगळं करतो आणि आपण टाळ्या पिटतो. पुढे राजाच्या खानदानाला शाप लागतो म्हणून रडायचंही आपणच. ‘बंद दरवाजा’त ठाकूर पीडित, ठकुराणी पीडित, आणि तिला काळ्या पहाडीवर नेणारी कोण? घरची मोलकरीण! म्हणजे हवेलीत भांडी घासणारी बाई फितूर, हवेलीबाहेर राहणारा सैतान, आणि ज्याच्या जमिनीवर सगळा गाव राबतो तो ठाकूर निष्पाप. गांडूळ व्हावं आणि मातीत तोंड घालावं असं वाटतं हे बघून. ड्रॅक्युलाचा किल्ला होता तिथेच ठेवला, फक्त ड्रॅक्युलाला त्यातून हाकलून गावकुसाबाहेर बसवलं आणि किल्ल्यात त्याच्या जागी गरीब गाय बांधली.

हे काही रामसेंच्या डोक्यातून निघालेलं नाही. आपल्याकडे भुतांनाही जात असते. बामणाचा पोर मुंजीनंतर लग्नाआधी मेला तर मुंजा. भट मेला तर ब्रह्मसमंध, तोही विद्वान. मुसलमान मेला की खवीस, असं म्हणतात. मेल्यावरही जात जात नाही. वेताळाचं बघा. खेड्यापाड्यांत तो शेंदूर फासलेला धोंडा, गावाची राखण करणारा. १८७० मध्ये रिचर्ड बर्टन नावाच्या साहेबाने वेताळाच्या गोष्टी इंग्रजीत नेल्या आणि पुस्तकाच्या नावातच वेताळाचा व्हॅम्पायर केला. गोष्टीतला बिचारा वेताळ रक्त पीत नाही, राजाला कोडी घालतो. पण राजाला प्रश्न विचारणारा भूतच ठरायचा!

कोणी म्हणेल, सिनेमाच आहे, एवढं काय मनावर घेता? मग चंद्रपूरकडे चला. जिवती तालुका, वणी खुर्द गाव, ऑगस्ट २०२१. भानामती करतात ह्या संशयावरून दलित कुटुंबांतल्या माणसांना भर चौकात बांधून मारलं. त्यात म्हातारी माणसं होती, बाया होत्या. जादूटोणाविरोधी कायदा २०१३ पासून आहे. त्या कायद्यासाठी आयुष्य घालवणाऱ्या नरेंद्र दाभोलकरांना त्याच वर्षी २० ऑगस्टला पुण्यात गोळ्या घातल्या. कायदा झाला, तरी आठ वर्षांनी खांब तोच, दोर तोच आणि पाठ आपलीच. त्या चौकात मारणाऱ्यांनाही भीतीच वाटत होती. खरीखुरी भीती. कोणाला घाबरायचं हे त्यांना लहानपणापासून शिकवलेलं होतं. म्हणून म्हणतो, भूत थोतांड आहे एवढं सांगून कार्यकर्त्याचं काम संपत नाही. भीतीचा पत्ता चुकीचा लिहिलाय, तो खोडावा लागेल.

पत्ता चुकवायचा धंदा गोऱ्यांनीही केलाय, हे सांगितलं नाही तर मी लबाड ठरेन. १९२२ चा जर्मन सिनेमा ‘नोस्फेरातू’. त्यातला काउंट ऑरलॉक बघा. लांब नाक, वाकलेली पाठ, मागे उंदरांची फौज. ज्यूंची टिंगल करायला तिथे जी चित्रं काढायचे त्यांच्याशी हा चेहरा जुळतो, असं कितीतरी अभ्यासकांनी लिहिलंय. पुढे दहा-अकरा वर्षांत हिटलर आला. त्याच सिनेमात ऑरलॉक जहाजातून उतरतो आणि शहरात प्लेग येतो. मी गोदीतला माणूस, मला जहाजाची गोष्ट कळते. स्टोकरचा ड्रॅक्युलाही ‘डिमीटर’ नावाच्या जहाजातून येतो, मातीने भरलेल्या पन्नास पेट्या घेऊन. वाटेत एकेक खलाशी नाहीसा होतो. त्या सफरीवर २०२३ मध्ये एक अख्खा सिनेमा निघाला. पण त्या पेट्या बंदरावरून हलवल्या कोणी? हमालांनी, गाडीवानांनी. आत काय आहे ते त्यांना कोणी सांगितलं नाही. आम्हाला तरी कोण सांगतं? ऑरलॉकचं एक मात्र मानलं पाहिजे. तो आपली शवपेटी आपणच काखेत मारून नेतो. आमच्या धक्क्यावर असा मालक अजून उतरायचाय.

आणि प्लेगचंच काढलंय तर हेही ऐका. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला तो गोदीच्या शेजारी, मांडवीत. तिथून पुण्यात गेला. १८९७ च्या मार्चमध्ये सावित्रीबाई फुले गेल्या. मुंढव्याच्या महारवाड्यातलं प्लेग झालेलं पोर पाठीवर घेऊन त्या दवाखान्यात आल्या होत्या. ज्याला शिवायला जग घाबरत होतं ते पोर त्यांनी उचललं. त्याच वर्षीच्या मे महिन्यात तिकडे लंडनला ‘ड्रॅक्युला’ छापून आला. एकाच वर्षातल्या ह्या दोन गोष्टी. भीतीच्या इतिहासात आपली बाजू कुठली, हे मला त्या पाठीवरच्या पोराकडे बघून कळतं.

आता तिसरा नियम, ज्यासाठी हा सगळा खटाटोप. व्हॅम्पायर चावला की माणूस नुसता मरत नाही, तो व्हॅम्पायर होतो. कालपर्यंत आपल्याबरोबर जेवणारा उद्या आपल्याच मानेकडे बघायला लागतो. चेहरा तोच, आवाज तोच, हाक मारण्याची तऱ्हा तीच. ह्याच्याइतकं भयंकर त्या सगळ्या सिनेमांत दुसरं काही नाही.

हे काळ्या लोकांना आपल्याआधी कळलं. १९७२ मध्ये अमेरिकेत ‘ब्लॅक्युला’ निघाला. त्यात आफ्रिकेचा एक राजपुत्र ड्रॅक्युलाकडे जातो, गुलामांचा व्यापार बंद करायला मदत करा म्हणून. ड्रॅक्युला त्यालाच चावतो, पेटीत कोंडतो, वर आपल्या नावावरून त्याला ब्लॅक्युला असं नाव ठेवतो. मालकाने नावही स्वतःचं दिलं! ते साल लक्षात ठेवा. त्याच १९७२ च्या मे महिन्यात मुंबईत दलित पँथर उभी राहिली, काळ्या पँथरांचं नाव घेऊन. आणि १९७४ मध्ये फुटली. फुटीची कारणं खूप सांगतात, मी तेव्हा जन्मलोही नव्हतो. पण त्यानंतरची आपली पन्नास वर्षं बघतो तेव्हा जागोजाग मला चावलेली माणसं दिसतात. गळ्यात निळा पंचा आणि पंच्याखाली दोन भोकं.

२०२५ चा रायन कूगलरचा ‘सिनर्स’ बघा, मोबाईलवर बघा पण बघा. १९३२ चं मिसिसिपी. काळ्या मजुरांनी स्वतःच्या नाचगाण्यासाठी एक जागा उभी केलीय. तिथे रात्री व्हॅम्पायर येतो. तो धमकी देत नाही. गातो. म्हणतो, मला आत घ्या, आमच्यात या, आमच्यात भेदभाव नाही, सगळे एक. तो स्वतः आयरिश, इंग्रजांनी तुडवलेल्या लोकांतला. म्हणजे तोही कधीकाळी चावलेलाच. त्याला त्या काळ्या पोराचं गाणं पाहिजे. मी कविता लिहितो. तो सीन बघताना माझा हात आपोआप मानेवर गेला.

कारण माझ्याही दारात तो येऊन गेलाय. उलटं झालं म्हणा, मलाच त्याने आत बोलावलं. आमच्या टोळीचा मुकादम आपल्यातलाच आहे. कधीकाळी माझ्यासारखीच पाठीवर ओझी वाहायचा. जयंतीला वर्गणी देतो, पहिला फोटो त्याचा. बारा तास राबवून आठ तासांची हजेरी मांडतो आणि दर डोई पन्नास रुपये खिशात घालतो. विचारलं तर म्हणतो, “आपलाच माणूस आहेस म्हणून सांभाळून घेतो.” गेल्या महिन्यात त्याला दुसऱ्या धक्क्यावर हलवायचं ठरलं आणि ठेकेदाराने मला केबिनमध्ये बोलावलं. आत ये, म्हणाला. बस, म्हणाला. खुर्ची दिली. चहा मागवला, काचेच्या कपात. तू दहावी पास, अक्षर चांगलं, पोरं तुझं ऐकतात. हजेरीची वही तू सांभाळ.

खरं सांगतो, मला आनंद झाला. केबिनमध्ये पंखा होता. मला आईचा खोकला आठवला, खोलीचं भाडं आठवलं. मी तिथल्या तिथे नाही म्हणालो नाही. विचार करून सांगतो म्हणालो. दोन रात्री मी मनात हिशेब केला की पन्नासच्या जागी तीसच कापले तर चालेल का. वीस रुपयांची क्रांती! तेव्हा मला कळलं की चावा दुखत नाही. प्राध्यापकांनी हे सांगितलं नाही. तो गोड लागतो, म्हणूनच भयंकर.

तिसऱ्या दिवशी नाही म्हणालो. त्या दिवसापासून आठवड्यात माझी हजेरी चारच दिवस लागते. ह्यात मोठेपणा नाही. पुढच्या वेळी नाही म्हणेनच अशी खात्री मला तरी कुठे आहे? म्हणून तर हे छापायला देतोय. तुमच्यासमोर लिहून ठेवलं म्हणजे तुम्ही माझ्या मानेवर लक्ष ठेवाल.

शेवटी एक गोष्ट. सूर्यप्रकाशाने व्हॅम्पायर मरतो, हे सगळ्यांना पाठ आहे. पण स्टोकरच्या पुस्तकात तसं नाही. त्याचा ड्रॅक्युला दिवसाउजेडी लंडनच्या रस्त्यावर फिरतो, फक्त त्याची ताकद कमी होते. उजेडाने त्याची राख होते ही गोष्ट ‘नोस्फेरातू’पासून सिनेमाने रूढ केली. मला हा सिनेमावाल्यांचा उपकार वाटतो. त्यांनी एक इलाज सांगितला. क्रूस आणि लसूण आपल्या कामाचे नाहीत. ताईत आणि अंगारा तर नाहीच नाही. उजेड मात्र आपल्याला परवडतो.

उजेड म्हणजे काय, तेही साधं सांगतो. हजेरीची वही उघड्यावर मागा. पगाराची पावती मागा. कर्जाचा कागद चार लोकांत वाचून घ्या. संघटनेत कोण कोणाच्या केबिनमध्ये चहा प्यायला, ते बैठकीत विचारा. मलाही विचारा. आणि पुढच्या रविवारी व्याख्यान ठेवू नका. ‘बंद दरवाजा’ आणि ‘ब्लॅक्युला’ एकापाठोपाठ एक लावा. वस्तीतल्या म्हाताऱ्यांना पुढे बसवा. माझी आजी आता नाही, पण तिच्यासारख्या अजून आहेत. सिनेमा संपला की दिवे लावा आणि त्यांना विचारा, तुम्हाला भेव कोणाचं लागलं?

प्राध्यापकांनाही बोलवा. ह्या वेळी त्यांनी खाली बसून ऐकायचं.